पैशाचं सोंग

सगळ्याची सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडची वडीलधारी मंडळी बजावत आली आहेत. ही म्हण ज्या कोणी रचली, त्याची गाठ जर्मनीतल्या किंवा स्पेनमधल्या एखाद्या नगराध्यक्षाशी पडलेली नसावी. कागद, शाई, एक रबरी शिक्का आणि 'ही चिठ्ठी नगरपालिकेच्या खजिन्यात दाखवल्यास रक्कम मिळेल' असं एक वाक्य, एवढ्या भांडवलावर गेल्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षांत हजारो गावांनी पैशाचं सोंग आणलं आणि बऱ्यापैकी वठवलं. त्या चिठ्ठ्यांवर लोकांनी पाव घेतला, बटाटे घेतले, दाढी करून घेतली. राजा पळाला, सरकार पडलं, शेजारच्या गल्लीत गोळीबार सुरू झाला, तरी न्हाव्याला पैसे द्यावेच लागतात. क्रांतीच्या इतिहासात ही बाब सहसा कोणी लिहीत नाही.

या सोंगांचा उरलेला माल गोळा करणारा एक वेगळाच मनुष्यप्राणी जगभर आढळतो. तो 'नोटा जमवतो' असं सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. 'बंद पडलेल्या' असं पुढे म्हणतो तेव्हा ते विझतात. आणि 'एका अशा गावाच्या, की जिथं त्या चालल्याच मुळी सहा महिने, त्याही वेशीच्या आत' इथपर्यंत येतो, तेव्हा समोरचा घड्याळाकडे बघायला लागलेला असतो. संग्राहकाला त्याचं वाईट वाटत नाही. बादशहाच्या सोन्याच्या मोहरा कोणीही जमवेल, त्यासाठी फक्त पैसे लागतात. स्पेनमधल्या कातालोनियातल्या एका खेड्याची पुठ्ठ्याची पंचवीस सेंतिमांची चिठ्ठी ओळखायला मात्र अभ्यास लागतो, आणि हा अभ्यास आपण केला आहे हे सांगायला श्रोता लागतो. टंचाई असते ती श्रोत्याची.

या छंदाचं मूळ सुट्या पैशांच्या दुष्काळात आहे. उलथापालथीची चाहूल लागली की आधी सोन्याचं नाणं गायब होतं, मग चांदीचं, शेवटी तांब्याचंही. मोठ्या नोटा उरतात, पण त्यांची मोड मिळत नाही. आपल्याकडचा दुकानदार रुपयाऐवजी हातावर गोळी ठेवतो, तेव्हा तोही छोट्या प्रमाणावर आणीबाणीचं चलनच काढत असतो. त्या गोळीवर नगराध्यक्षांची सही नसते, एवढंच.

फ्रेंच राज्यक्रांतीत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. १७८९ साली क्रांतिकारकांनी चर्चच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या तारणावर 'असिन्या' नावाचे कागद काढले. १७९० सालच्या नोटा २००, ३०० आणि १,००० लिव्हरच्या होत्या. पॅरिसमधल्या मजुराची दिवसाची कमाई होती एक-दीड लिव्हर. म्हणजे समतेची घोषणा झाली होती, पण समतेची मोड कोणाकडेच नव्हती. मग नगरपालिका, व्यापारी, राजकीय क्लब, ज्याला सुचलं त्याने छोट्या रकमेच्या चिठ्ठ्या छापल्या. त्यांना लोक 'विश्वासाच्या चिठ्ठ्या' म्हणत. नाव आशावादी होतं. पॅरिसमधली अशा चिठ्ठ्या काढणारी एक मोठी संस्था, 'मेझों द सकूर', १७९२ साली गडगडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रीय कन्व्हेन्शनने या चिठ्ठ्यांवर बंदी घातली. विश्वास कायद्याने बंद करावा लागल्याचं दुसरं उदाहरण सहज आठवत नाही.

पण या कलेला खरा बहर आला तो जर्मनीत. १९१४ सालच्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि नाणी घराघरांत दडली. उरलेलं तांबं आणि निकेल पुढे तोफखान्याकडे गेलं. १९१८ सालच्या नोव्हेंबरात क्रांती झाली, कैसर हॉलंडला गेला, म्युनिकमध्ये १९१९ साली काही आठवडे चक्क सोव्हिएत प्रजासत्ताक नांदून गेलं. या सगळ्या गदारोळात जर्मन नगरपालिकेचा कारकून शांतपणे पन्नास फेनिगच्या चिठ्ठ्यांवर क्रमांक घालत होता. या चलनाचं नावच 'नोटगेल्ड' म्हणजे अडचणीचा पैसा. अडचण आहे हे जर्मनांनी लपवलं नाही, उलट तिचं मोठ्या हौसेने चित्र काढून घेतलं.

चित्रं हाच या नोटांचा जीव. वायमारने गटे छापला, लूथरच्या सहवासाने पुनीत झालेल्या गावांनी लूथर छापला. नाउम्बुर्ग गावात वाल्टर हेगं या कलावंताने काळ्या सावल्यांच्या आकृत्यांत गावच्या चेरी-उत्सवाची कथा रंगवली. आणि हामेलन गावाने छापला तो बासरीवाला. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गावात उंदीर झाले, बासरीवाल्याने ते नदीत बुडवले, आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी हात वर केले. मग तो गावातली पोरं घेऊन गेला. म्हणजे काम करून घ्यायचं आणि पैसे बुडवायचे, याबद्दल ज्या नगरपालिकेची सहा-साडेसहाशे वर्षं जगभर ख्याती, तिनेच 'ही चिठ्ठी दाखवा आणि पैसे घेऊन जा' या वचनाशेजारी त्याच प्रकरणाची चित्रं टाकली. एवढा प्रामाणिक इशारा आजवर कुठल्या बँकेने ग्राहकाला दिलेला नाही.

चित्रं सुंदर, म्हणून लोक त्या नोटा खर्च करायचे सोडून जपून ठेवायला लागले. इथं जर्मन नगरपालिकांना एक शोध लागला. खर्च झालेली नोट कधी ना कधी खजिन्यात परत येते आणि पैसे मागते. आल्बममध्ये गेलेली नोट परत येत नाही. म्हणजे संग्राहक हा जगातला आदर्श सावकार ठरतो: बिनव्याजी कर्ज देतो, वसुलीला येत नाही, वर पुढचा संच कधी निघणार म्हणून पत्र लिहून विचारतो. मग काय! १९२० ते १९२२ या काळात गावोगावी मालिका निघाल्या. सहा-सहा, दहा-दहा नोटांचे संच, प्रत्येकीवर कथेचा पुढचा भाग. ज्या खेड्यात खर्च करायला धड दुकान नव्हतं, त्यानेही रंगीत संच काढले. गावंच कशाला, खानावळी आणि मंडळंही या धंद्यात उतरली. काही नोटांची मुदत त्या संग्राहकाच्या हातात पडेपर्यंत संपलेली असे. आल्बमवाले, दलाल, छापखाने, सगळ्यांचं भलं झालं. अखेर १९२२ सालच्या उन्हाळ्यात बर्लिनच्या सरकारने हा उद्योग बंद पाडला.

कागदाचा कंटाळा आलेल्यांनी इतर मालही वापरून पाहिला. मायसेनच्या प्रसिद्ध चिनी मातीच्या कारखान्यातून नाणी निघाली. हातातून निसटलं तर पैसा खऱ्या अर्थाने फुटायचा. ऑस्टरविक गावात कातड्याचा धंदा, म्हणून तिथं चामड्याच्या नोटा. आणि बीलेफेल्ड हे विणकरांचं गाव, तिथल्या नगर बचत बँकेचा संचालक पाउल हांकं याने तर रेशीम, तागाचं कापड आणि मखमल यांवर नोटा काढल्या, काहींना झालर आणि लेससुद्धा लावली. या नोटांवर इतका मजकूर आहे, की पैशाची रक्कम शोधावी लागते. मधल्या जागेत महागाईला शिव्या, राजकारण्यांना टोमणे, शहराचा इतिहास. आज बीलेफेल्डचा रेशमी तुकडा हा संग्राहकाचा अभिमानाचा विषय असतो. घरातल्या इतरांना तो रुमाल वाटतो, आणि इथून काही कौटुंबिक प्रश्न निर्माण होतात.

मग आलं १९२३. युद्धापूर्वी एक डॉलर म्हणजे ४.२ मार्क. १९२३ सालच्या नोव्हेंबरात एक डॉलर म्हणजे ४.२ लाख कोटी मार्क. बाकी काही बदललं नव्हतं, फक्त बारा शून्यं वाढली होती. राइखबँक या मध्यवर्ती बँकेची स्वतःची यंत्रं अपुरी पडली, तिने १३३ खासगी छापखाने आणि त्यांची १,७८३ यंत्रं कामाला लावली, तरी नोटा पुरेनात. आधीच छापून पडलेल्या १,००० मार्कांच्या नोटेवर तांबड्या शाईने आडवा ठसा मारला गेला: एक अब्ज मार्क. गावं, कारखाने, रेल्वे, सगळे पुन्हा छापायला बसले. या वेळी बासरीवाला नाही, चेरी-उत्सव नाही. एका बाजूला शून्यं, दुसरी बाजू कोरी, कारण दुसरी बाजू छापेपर्यंत पहिलीची किंमत उतरायची. थुरिंगिया राज्याच्या बँकेने बाउहाउस या कलाशाळेत शिकणाऱ्या हर्बर्ट बायर या २३ वर्षांच्या मुलाकडून दशलक्ष मार्कांच्या नोटांची रचना करून घेतली. आधुनिक कलेचे अभ्यासक त्या नोटांवर आज गंभीरपणे बोलतात. त्या काळी लोकांचं लक्ष त्यातल्या अक्षरलेखनाकडे कितपत गेलं असेल, शंकाच आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर रेंटेनमार्क आला, लाख कोटी कागदी मार्कांना एक या भावाने, आणि मंडळी भानावर आली.

जर्मनीत शिस्तीने झालेला हा प्रकार रशियात बेशिस्तीने झाला. १९१७ नंतरच्या यादवीत ज्याच्याकडे सैन्य त्याच्याकडे छापखाना, आणि ज्याच्याकडे सैन्य नाही त्याच्याकडेही छापखाना. केरेन्स्कीच्या हंगामी सरकारने २० आणि ४० रूबलच्या चिमुकल्या नोटा काढल्या. त्यांवर क्रमांक नाही, सही नाही. त्या न कापलेल्या तावांत मिळायच्या, ज्याने त्याने कात्रीने कापून घ्यायच्या. बोल्शेविकांनी केरेन्स्कीला पळवून लावलं, पण त्याच्या नोटा छापणं काही थांबवलं नाही. दक्षिणेत श्वेत सेनापती देनिकिन याच्या हजार रूबलच्या नोटेवर क्रेमलिनमधली प्रचंड 'झार घंटा' होती. लोक त्या नोटांना 'घंट्या' म्हणत. ती घंटा ओतकामानंतर तडकली आणि आयुष्यात एकदाही वाजलेली नाही. खणखणीत नाण्याच्या बदल्यात न वाजणारी घंटा छापणाऱ्याचा पराभव अटळ होता, असं लष्करी इतिहासकार म्हणत नाहीत. संग्राहक म्हणतात.

ओडेसा, झितोमीर अशा शहरांनी आपापल्या नोटा काढल्या. उत्तरेला अर्खांगेल्स्कच्या २५ रूबलवर वॉलरस बसलेला आहे, आणि त्या गोंधळात तोच एक निवांत दिसतो. मध्य आशियातल्या खिवामध्ये आधी खानाने आणि १९२० नंतर ख्वारज़्मच्या लोकसोव्हिएत प्रजासत्ताकाने रेशमावर नोटा छापल्या. राजवट बदलली, कापड तेच राहिलं. चलन बाद झाल्यावर लोकांनी त्या नोटा जोडून गोधड्या शिवल्या. बाद झालेल्या पैशाची ऊब घेता येण्याचा असा योग विरळाच. पण बाजी मारली ती सैबेरियातल्या याकुत्स्कने. तिथं नोटा पोचेनात आणि नोटा छापायला कागदही नाही. मात्र दारूच्या बाटल्यांवर चिकटवायच्या लेबलांचे गठ्ठे गोदामात पडून होते. सेम्योनोव्ह नावाच्या स्थानिक कमिसाराने त्या लेबलांवर रक्कम लिहून शिक्का आणि सही ठोकली. मदेराला एक किंमत, पोर्टला दुसरी, शेरीला तिसरी. बाटली संपल्यावरही लेबलाला किंमत राहिली, असं अर्थशास्त्रात क्वचित घडतं.

मेक्सिकोतला मामला जास्त रोखठोक होता. १९१३ पासून प्रत्येक सेनानीने आपले कागद काढले आणि ते न स्वीकारणं हा गुन्हा ठरवला. पांचो व्हिया याच्या एका नोटेवर दोन हुतात्म्यांचे चेहरे होते, म्हणून लोक तिला 'दोन मुखडे' म्हणत. त्याच्या दुसऱ्या एका नोटेला आकारामुळे 'चादर' म्हणत. १९१५ सालच्या जानेवारीत व्हियाचा प्रतिस्पर्धी सेनानी ओब्रेगोन याचं सैन्य राजधानीत शिरलं आणि त्याने व्हियाच्या नोटा बाद ठरवल्या. तेव्हा घरोघरी दोन्ही बाजूंच्या नोटा ठेवणं हाच राजकीय शहाणपणा होता. दुरांगोतल्या क्वेंकामे इथं १९१४ साली पाडलेल्या चांदीच्या पेसोवर तर सरळ 'उएर्ताला मरण येवो' असं कोरलेलं आहे. उएर्ता म्हणजे तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष. बाजारात सुटे मागताना गिऱ्हाईक आपलं मत सांगून मोकळं व्हायचं. ओब्रेगोनच्या बाजूचा म्होरक्या कारांसा याने १९१६ साली न्यूयॉर्कच्या कंपनीकडून मोठ्या थाटात 'नक्कल न होणाऱ्या' नोटा छापून आणल्या.  वर्ष संपायच्या आत त्यांची किंमत एवढी घसरली, की नक्कल करण्याचा खर्च भरून निघाला नसता.

जाणत्या संग्राहकाचा जीव मात्र स्पेनमध्ये अडकलेला असतो. १९३६ सालच्या जुलैत सैन्याने बंड केलं, देश दोन भागांत फाटला, आणि प्रजासत्ताकाच्या बाजूला चांदीचा पेसेता पाहता पाहता अदृश्य झाला. मग शेकडो गावांच्या पालिकांनी आपापली चिठ्ठी काढली. जिथं छापखाना होता तिथं नीट छापलेल्या, नव्हता तिथं पुठ्ठ्याचे तुकडे कापून शिक्का मारलेल्या. त्यांवर कुठं गव्हाच्या लोंब्या, कुठं कारखान्याची चिमणी, कुठं गावातली वेस. चिठ्ठी चालायची ती गावाच्या हद्दीपर्यंत. पलीकडच्या गावात जाऊन कॉफी प्यायची तर आधी चलनाचा प्रश्न सोडवायचा. परकीय चलन म्हणजे चार किलोमीटरवरचं गाव.

कातालोनियात त्यात आणखी एक गंमत झाली. क्रांतीच्या भरात गावांच्या नावांतले संत काढून टाकले गेले. सांत कुगात दल व्हायेस हे गाव एका रात्रीत 'पिन्स दल व्हायेस' झालं, म्हणजे संताच्या जागी पाइनची झाडं आली. सांता कोलोमा दे ग्रामेनेतचं 'ग्रामेनेत दल बेसोस' झालं. १९३७ सालच्या नोटांवर हीच नावं आहेत. १९३९ साली युद्ध संपलं आणि संत परत आले. त्यामुळे आज संग्राहकाच्या आल्बममध्ये अशा गावांचा पैसा आहे, जी नकाशावर दोन-अडीच वर्षांपुरतीच होती. नवशिका संग्राहक नकाशात पिन्स शोधत बसतो. जुना जाणता त्याला लगेच सांगत नाही. तेवढं सुख तो स्वतःसाठी राखून ठेवतो.

उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियासमध्ये बेलार्मिनो तोमास याच्या मंडळाने काढलेल्या नोटांना लोकांनी 'बेलार्मिनो' असंच नाव दिलं. स्वतःच्या नावाने चलन ओळखलं जावं, हे भाग्य सम्राटांनाही सहसा लाभत नाही. पुढे १९३८ सालच्या जानेवारीत प्रजासत्ताक सरकारने गावोगावचे हे पैसे बंद करायचा हुकूम काढला आणि त्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या आणल्या. एका बाजूला राष्ट्रचिन्ह, दुसऱ्या बाजूला चिकटवलेलं टपालाचं तिकीट. सुटे पैसे म्हणून त्या उत्तम चालल्या. पावसात भिजल्या की नाही, हे मालकाच्या खिशावर अवलंबून.

इथं विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. बंडखोर सैन्याचा नेता फ्रँको याच्या राजवटीने प्रजासत्ताकाचा पैसा 'शत्रूने चलनात आणलेला कागद' ठरवून बाळगायलाच बंदी केली आणि तो जमा करायला लावला. लोकांनी आयुष्यभराची पुंजी नेऊन दिली आणि हातात पावती घेतली. त्या पावत्या घेऊन काही कुटुंबांचे वारस पुढे कित्येक दशकं भरपाई मागत राहिले. गावच्या चिठ्ठ्या अनेकांनी भीतीपोटी चुलीत घातल्या. म्हणून एखाद्या छोट्या स्पॅनिश गावाची चिठ्ठी आज लिलावात आली, की दोन संग्राहकांची कित्येक वर्षांची मैत्री धोक्यात येते.

दुर्मिळतेचा हा हिशेब एरवीही उफराटाच आहे. ज्या नगरपालिकेने वचन पाळलं, प्रत्येक नोट परत घेतली, पैसे दिले आणि नोटा जाळल्या, तिची नोट आज सहसा मिळत नाही आणि मिळालीच तर महाग. जिने बेसुमार छापल्या आणि परत घ्यायचं नाव काढलं नाही, तिच्या नोटा ढिगाने उपलब्ध आहेत. सचोटीला भाव यायला शंभर वर्षं लागतात, एवढंच. तसंच प्रतीचं. शंभर हातांतून फिरलेली, घडी पडलेली, मासळीचा वास लागलेली नोट म्हणजे खरा इतिहास. पण कॅटलॉगमध्ये तिची किंमत कमी. जी कधी कोणाच्या खिशात गेलीच नाही, जिने क्रांती पाहिलीच नाही, ती कोरी करकरीत नोट तिप्पट भावाने जाते. संग्राहक बोलतो इतिहासाबद्दल आणि भिंगातून बघतो कोपरे.

आणि जिथं भाव आहे तिथं बनावट आहेच. मूळ नोट हेच मुळात पैशाचं सोंग, त्या सोंगाचीही नक्कल निघते. पुठ्ठा आणि रबरी शिक्का यांची नक्कल करायला मोठी कारागिरी लागत नाही, त्यामुळे स्पेनच्या साध्यासुध्या चिठ्ठ्यांत फसगत जास्त. नव्याने या नादाला लागणाऱ्याने जर्मन मालिकांपासून सुरुवात करावी. त्या ढिगाने छापल्या गेल्या, बऱ्याचशा अजून स्वस्त आहेत आणि चित्रं पाहून घरच्यांचाही विरोध जरा मावळतो. रशियाकडे नंतर वळावं, स्पेनकडे जाणत्याचा हात धरून. नोटा कॅटलॉग पाहिल्याशिवाय घेऊ नयेत, स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नयेत, फाटलेल्या नोटेला सेलोटेप लावू नये. घरातल्या कोणी प्रेमाने चुरगळलेल्या नोटेवर इस्त्री फिरवू म्हटलं, तर हात जोडून नको म्हणावं. इस्त्रीने नोट सपाट होते, आणि तिची किंमतही.